वीस रुपयांचा रकाना आणि अमेरिकेतलं बिल

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारं लेकरू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांचं लेकरू परदेशी निघालंय त्यांनी तर नक्कीच.

दिवाळीत माझी आतेबहीण आली होती. लग्नानंतर न्यू जर्सीला गेली, आता तिची मुलगी तिकडे दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. सिंदी मेघेतल्या आमच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो. चिवडा, शंकरपाळे, गप्पा. बोलता बोलता ती म्हणाली, "दादा, तू पेपरवाला आहेस ना, मग मला एक हिशेब समजावून सांग. मी चार हजार डॉलर वाचवले आणि ते वाचलेच नाहीत."

झालं असं. तिकडच्या कॉलेजात प्रवेश घेतला की बिलात आरोग्य विम्याचा हप्ता आपोआप लागतो. तुमच्याकडे आधीचा विमा असेल तर ठरलेल्या तारखेच्या आत एक फॉर्म भरायचा. त्याला तिकडे वेव्हर म्हणतात. म्हणजे काय, तर "मला तुमचा विमा नको, माझा मला आहे." बहिणीच्या नवऱ्याच्या नोकरीत कुटुंबाचा विमा आहे, त्यात मुलगीही येते. तिने फॉर्म भरला, बिलातून जवळजवळ चार हजार डॉलर उतरले. घरात आनंदीआनंद. आणि दोन आठवड्यांनी कॉलेजकडून आर्थिक मदतीचं सुधारित पत्र आलं. मदतही जवळजवळ तेवढीच कमी झालेली.

"मग पैसे गेले कुठे?" तिने विचारलं.

माझे बाबा शेजारी सुपारी कातरत होते. आता शहात्तरचे आहेत, कान थोडे जड झालेत, पण पैशाचं बोलणं बरोबर ऐकू येतं. ते म्हणाले, "म्हणजे बाई, तुझंही आमच्यासारखंच झालं. आम्हीबी असाच एक रकाना खोडला होता."

मला तो रकाना चांगलाच आठवतो. माझ्या डाव्या पायात अजून तो दुखतो.

1999 चा रकाना

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बाबा एका जिनिंगमध्ये मुनीम. उत्पन्न कमी, म्हणून मला ईबीसी सवलत होती. प्रवेशाच्या दिवशी बाबूने कागद पुढे सरकवला. शिकवणी शुल्कासमोर "माफ" असा शिक्का. खाली एका ओळीत "विद्यार्थी सामूहिक अपघात विमा (ऐच्छिक)" आणि पुढे वीस रुपये.

बाबांनी विचारलं, "हे सवलतीत येते का?" बाबू म्हणाला, "नाही. ऐच्छिक आहे, द्यायचे असतील तर द्या." बाबांनी पेन घेतला आणि ओळ खोडली. "कायले पाहिजे विमा? पोरगा धडधाकट आहे."

त्यात बाबांचं काय चुकलं? सरकार जे माफ करत होतं ते सक्तीचं होतं. जे सक्तीचं नव्हतं ते खिशातून द्यायचं होतं. आणि खिशातून द्यायची वेळ आली की गरीब माणूस पहिले तेच खोडतो, ज्याचा आज उपयोग दिसत नाही.

फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला. रात्री आर्वी नाक्याजवळ माझी सायकल घसरली आणि मागून येणाऱ्या ऑटोने पाय चेपला. हाड दोन ठिकाणी मोडलं. आईच्या पाटल्या गहाण गेल्या. मी अडीच महिने खाटेवर, परीक्षा बुडाली, वर्ष गेलं. पण खरा धक्का जूनमध्ये बसला. पुन्हा त्याच वर्गात बसलो तर कळलं की नापास मुलाला सवलत नाही. म्हणजे ज्या वर्षी घरात एक पैसा उरला नव्हता, नेमक्या त्याच वर्षी मला पूर्ण फी लागली.

विम्याच्या दाव्याने सगळं भागलं असतं असं मी म्हणत नाही. त्या अपघात विम्यातून किती मिळालं असतं देव जाणे. पण विमा आणि शिष्यवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं जे आपण समजतो, ते त्या जूनमध्ये माझ्यापुरतं संपलं. दोन्ही एका दोरीला बांधलेल्या आहेत. अमेरिकेत एका गाठीने, आपल्याकडे दुसऱ्या गाठीने. बहिणीला मी जे सांगितलं तेच आता नीट लिहून काढतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

शिष्यवृत्ती कशाची मिळते?

आपल्या भागातल्या शिष्यवृत्त्यांचा इतिहास बाबासाहेबांपासून सांगायला हवा. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेत शिकायला महिन्याला साडेअकरा पौंड दिले. तीन वर्षांसाठी. कोलंबिया विद्यापीठ, न्यू यॉर्क. त्या साडेअकरा पौंडात राहणं, खाणं, पुस्तकं सगळं बसवायचं. आजारी पडायची सोय त्यात नव्हती.

पुढे 1942 मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं. त्यात शिक्षणासाठी पैशाची मागणी होती. वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले, आणि 1944 पासून अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज "भारत सरकार शिष्यवृत्ती" म्हणून आपली पोरं महाडीबीटीवर जो अर्ज भरतात, त्याचं मूळ हे. 1954-55 पासून परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आली. 1959 मध्ये, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागासांना फी सवलत मिळाली. तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात होता. हीच ती ईबीसी, जिच्यावर माझ्या पिढीतली हजारो पोरं शिकली. आता तिची जागा राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेने घेतली आहे.

या सगळ्या योजनांच्या नियमांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. सक्तीचे.

भारत सरकार शिष्यवृत्तीच्या जुन्या नियमात यादीच होती: नोंदणी, शिकवणी, खेळ, विद्यार्थी संघ, ग्रंथालय, मासिक, वैद्यकीय तपासणी आणि संस्थेला किंवा विद्यापीठाला सक्तीने द्यावं लागणारं इतर शुल्क. ते सरकार भरणार. परत मिळणारी अनामत रक्कम सरकार भरणार नाही. वैद्यकीय तपासणी त्या यादीत आहे हे बघा. उंची, वजन, छाती मोजून "सुदृढ" असा शिक्का मारण्याची फी सरकार देतं. त्यानंतर सुदृढ पोरगा आजारी पडला तर काय, ते यादीत नाही.

म्हणजे नियम साधा आहे. पावतीवर सक्तीचं म्हणून जे छापलं, त्यामागे मदत जाते. ऐच्छिक म्हणून जे छापलं, तिथे मदत थांबते. माणसाला कशाची गरज आहे हे मदत विचारत नाही, ती पावती बघते.

ही ओळ लक्षात ठेवा. अमेरिकेतलं कोडंही हिच्यानेच सुटतं.

तिकडे विमा बिलात कसा आला?

अमेरिकेतल्या कॉलेजांनी विद्यार्थ्यांच्या तब्येतीची जबाबदारी घ्यायला बरीच आधी सुरुवात केली. 1861 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने एडवर्ड हिचकॉक नावाच्या डॉक्टरांकडे विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा आणि व्यायामाचा वेगळा विभाग सोपवला. 1906 मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठाने त्याच्या पुढची पायरी गाठली. सगळ्या विद्यार्थ्यांकडून ठरावीक शुल्क घ्यायचं आणि आजारी पडेल त्याच्यावर उपचार करायचे.

मग 1929. टेक्सासमधल्या डॅलस शहरात बेलर विद्यापीठाचा दवाखाना होता. जस्टिन किंबॉल नावाचे गृहस्थ तिथे प्रशासक म्हणून आले. ते आधी शाळांचे अधीक्षक होते. दवाखान्याच्या वहीत त्यांना दिसलं की बिल न भरलेल्यांत शाळामास्तर पुष्कळ आहेत. त्यांनी मास्तरांना सांगितलं, महिन्याला अर्धा डॉलर द्या, दवाखान्यात राहायची वेळ आली तर 21 दिवस आम्ही बघू. पण एक अट होती. शहरातल्या तीन-चतुर्थांश शिक्षकांनी तरी नाव नोंदवलं पाहिजे. कारण नुसते आजारीच आले तर पेटी रिकामी होणार. यातूनच पुढे ब्लू क्रॉस नावाची अमेरिकेतली मोठी विमा चळवळ उभी राहिली.

त्या तीन-चतुर्थांशाच्या अटीकडे मी पुन्हा येणार आहे. तिचा आपल्या वर्ध्याशी संबंध आहे.

तिकडच्या आर्थिक मदतीचा कायदा 1965 चा. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली ती टेक्सासमधल्या आपल्या जुन्या कॉलेजात जाऊन. पुढे 1972 मध्ये गरीब विद्यार्थ्यांसाठी थेट अनुदान आलं, त्यालाच आज पेल अनुदान म्हणतात. या सगळ्या व्यवस्थेचं गणित एकाच वजाबाकीवर चालतं. वर्षाचा एकूण खर्च, ज्याला तिकडे कॉस्ट ऑफ अटेंडन्स म्हणतात, त्यातून घराची ऐपत वजा करायची. जे उरतं ती गरज. मिळणारी मदत गरजेपेक्षा जास्त असता कामा नये.

आणि 2010 मध्ये ओबामांचा आरोग्य कायदा आला. त्याने आईवडिलांच्या विम्यात मुलांना 26 वर्षांपर्यंत ठेवायची मुभा दिली. त्यामुळे कॉलेजच्या विम्याला "नको" म्हणू शकणाऱ्या मुलांची संख्या वाढली. माझी भाची त्यातलीच.

पैसे गेले कुठे?

आता हिशेब. आकडे फक्त समजायला घेतो, खरे नाहीत.

समजा वर्षाचा एकूण खर्च 40,000 डॉलर. त्यात कॉलेजच्या विम्याचे 4,000. घराची ऐपत कॉलेजने काढली 10,000. म्हणजे गरज 30,000. आणि समजा कॉलेजने पूर्ण 30,000 मदत दिली.

विमा नको म्हटलं. खर्च उतरला 36,000 वर. ऐपत तीच, 10,000. गरज झाली 26,000. आता 30,000 मदत देता येत नाही, कॉलेजला 4,000 मागे घ्यावे लागतात. घरातून आधीही 10,000 जाणार होते, आताही 10,000 च जाणार. बहिणीचं हेच झालं. ज्या चार हजारांची बचत तिला दिसली, ते तिच्या खिशातले नव्हतेच. ते कॉलेजचे होते, कॉलेजकडे परत गेले. काही कॉलेजांत तर गरीब मुलांच्या विम्यासाठीच वेगळं अनुदान असतं. विमा काढून टाकला की ते आपोआप रद्द होतं.

दुसरा प्रकार. समजा गरज 30,000 होती पण मदत मिळाली फक्त 25,000. पाच हजारांची खिंड घरातूनच भरायची होती. आता विमा काढला तर गरज 26,000 झाली, मदत 25,000 च आहे, गरजेच्या आतच. मदत हलायचं कारण नाही. इथे घरचे चार हजार खरोखर वाचतात.

तिसरा प्रकार. विम्याचे पैसे कर्जातून जात होते. मग विमा काढल्यावर कर्ज कमी होतं किंवा कमी करता येतं. आज हातात काही येत नाही, पण पुढे फेडायचं ओझं हलकं होतं.

चौथा. कॉलेजने खर्चाच्या यादीत विमा धरलेलाच नव्हता. मग मदतीवर काहीच परिणाम नाही. आणि पेल अनुदान घराच्या ऐपतीवर ठरतं, ते बहुधा अशा फॉर्मने हलत नाही.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी मदत कचेरीला एकच प्रश्न विचारायचा: "माझ्या खर्चाच्या यादीत विमा धरला आहे का, आणि मी तो काढला तर माझ्या मदतीतली कोणती ओळ कमी होईल?" उत्तर लेखी मागायचं. बहिणीने हा प्रश्न विचारला नव्हता.

आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट तिला नंतर कळली. नवऱ्याचा विमा न्यू जर्सीच्या आसपासच्या दवाखान्यांसाठी आहे. मुलगी दुसऱ्या राज्यात. तिथे त्या विम्यात तातडीचं तेवढं बघतात, साध्या तापाला किंवा रोजच्या औषधाला नाही. म्हणजे पोरीला कॉलेजच्या पैशाने मिळणारा जवळचा विमा यांनी सोडला, आणि हाती धरला तो दूरचा. आता फॉर्मची तारीख गेली. नवऱ्याची नोकरी गेली आणि विमा तुटला तरच मध्येच बदल करता येईल, बहुतेक कॉलेजांत तशी सोय असते. नाहीतर पुढच्या वर्षी.

बाबा हे सगळं ऐकून म्हणाले, "आमचा रकाना वीस रुपयांचा होता, तुझा मोठा. पण पेन सारखाच."

जवारीचा विमा

आता वर्ध्याकडे या. त्या तीन-चतुर्थांशाच्या अटीकडे.

सेवाग्राम आपल्यापासून सायकलच्या अंतरावर. गांधीजी आणि डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तिथे कस्तुरबा दवाखाना उभा राहिला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, त्याच्याच जोडीने देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. तिथे विद्यार्थ्यांना खादी घालावी लागते, आश्रमात राहून सुरुवात करावी लागते आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, हे इथल्या लोकांना नव्याने सांगायला नको.

या गावांच्या कामातून डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या दशकात एक गोष्ट उभी केली. जगभरच्या आरोग्याच्या अभ्यासकांनी तिची दखल घेतली, आपण मात्र विसरत चाललो. जवारीचा विमा. सुगीला प्रत्येक घराने ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त, भूमिहीनाने थोडी. ती ज्वारी विकून गावाचा आरोग्य निधी. त्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचं मानधन, औषधं, आणि अचानक आलेल्या आजारासाठी कस्तुरबा दवाखान्यात मोफत भरती. आधीपासून ठाऊक असलेल्या, वेळ घेऊन करता येणाऱ्या उपचारात घराने काही वाटा उचलायचा.

आणि अट? गावातली साधारण तीन-चतुर्थांश घरं आली तरच योजना. नाहीतर नाही. डॅलसच्या किंबॉलसाहेबांना 1929 मध्ये जे सुचलं, तेच आपल्या वर्ध्याच्या काळ्या मातीत, ज्वारीच्या पायलीत उतरलं.

या अटीमागचं गणित समजलं की वेव्हरचं समजतं. धडधाकट माणसं "मला नको" म्हणून बाहेर पडली की पेटीत आजारीच उरतात आणि हप्ता वाढतो. म्हणून अमेरिकेतली कॉलेजं विमा आधी सगळ्यांना लावतात, आणि बाहेर पडायचं असेल तर दुसरा चांगला विमा दाखवा म्हणतात. जवारीच्या विम्यात तर बाहेर पडायची सोय गावाच्या हातात होती, एकट्याच्या नाही.

आपल्या सिंदीने हे त्याच्याही आधी बघितलं आहे. (बाहेरच्यांसाठी: तान्ह्या पोळ्याची सिंदी रेल्वे वेगळी, आम्ही सिंदी मेघे.) 1935 मध्ये गांधीजी मगनवाडीत राहत होते. तिथून मीराबेन, महादेवभाई देसाई आणि इतर मंडळी सकाळी बादल्या घेऊन सिंदी गावात यायची आणि रस्त्याकडेची घाण उचलायची. गांधीजीही आले. गावकऱ्यांना सवय बदलायला बराच वेळ लागला. मीराबेन काही काळ सिंदीत राहून मग शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेल्या. घाणीच्या बाबतीत "मला नको, माझं मी बघतो" असं म्हणता येत नाही, एकाच्या परसातली माशी दुसऱ्याच्या ताटात बसतेच. आजारपणाच्या खर्चाचंही थोडंफार तसंच आहे, ही गोष्ट आपल्या गावाला कुणी इंग्रजीतून शिकवायची गरज नव्हती.

मग आज आपल्या पोरांचं काय?

गेल्या महिन्यात मी कॉलनीतल्या चार-पाच मुलांच्या पावत्या आणि अर्ज बघितले. स्वाधार योजनाच घ्या. अनुसूचित जातीच्या ज्या मुलाला वसतिगृह मिळालं नाही, त्याला वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43,000 रुपये. भोजनाचे 25,000, निवासाचे 12,000, निर्वाहाचे 6,000. चांगली योजना आहे, कितीतरी पोरं तिच्यावर तग धरून आहेत. पण आजारपणाचा रकाना शोधला तर सापडत नाही.

2024-25 पासून आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मोठा निर्णय. पण माफ झालं ते शिकवणी आणि परीक्षा शुल्क. पावतीवरचं बाकीचं घरानेच बघायचं, आणि त्यात विम्याची ऐच्छिक ओळ असेल तर तिचं काय होतं ते मला माहीत आहे.

शाळेतल्या मुलांसाठी राज्याने वेगळा रस्ता घेतला, तो मला जास्त पटतो. 2003 मध्ये राजीव गांधींच्या नावाने विद्यार्थी अपघात विमा योजना आली, विमा कंपन्यांमार्फत. 2013 पासून कंपन्या बाजूला करून पहिली ते बारावीच्या मुलांना सरकारनेच सानुग्रह अनुदान द्यायचं ठरवलं. 2022 मध्ये अपघाती मृत्यूची रक्कम दीड लाख झाली. यात कुणाला फॉर्मवर "नको" लिहायची वेळच येत नाही. बारावी संपली की मात्र हे छत्र संपतं. नेमकं त्याच वयात पोरं गाडी चालवायला लागतात.

मोठ्या आजारांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 च्या शेवटी राज्यभर आली. जुलै 2024 पासून तिचं छत्र पाच लाखांपर्यंत आणि राज्यातल्या सगळ्या रहिवाशांसाठी झालं. म्हणजे 1999 ची आईच्या पाटल्यांची वेळ आज तशीच येईल असं नाही. पण ही योजना यादीतल्या उपचारांसाठी आणि यादीतल्या दवाखान्यांत आहे. डेंग्यूने तीन आठवडे घरी पडलेल्या मुलीची बुडालेली हजेरी ती भरून देत नाही.

आणि आपल्याकडची गाठ तिथेच आहे. अमेरिकेत विमा नाकारला तर बिलातून मदत कमी होते. आपल्याकडे बिलात काहीच दिसत नाही. आजार येतो, हजेरी बुडते, परीक्षा जाते, आणि मग शिष्यवृत्ती थांबते.

पालकांनो, पोरांनो, एवढं करा

एक. पावतीवरची प्रत्येक ओळ वाचा. सक्तीचं काय, ऐच्छिक काय, परत मिळणारं काय, ते बाबूला विचारा. सक्तीचं असेल तर ते शिष्यवृत्तीच्या अर्जात आलं का ते बघा.

दोन. मूल आजारी पडलं, हजेरी किंवा परीक्षा बुडणार असं दिसलं, की त्याच आठवड्यात प्राचार्यांना लेखी अर्ज आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्या, पोच घ्या. भारत सरकार शिष्यवृत्तीच्या नियमांत आजारपणामुळे परीक्षा हुकलेल्या मुलाची शिष्यवृत्ती चालू ठेवायची तरतूद राहिली आहे, पण ती मुदतीत प्रमाणपत्र देणाऱ्यासाठी. मला 1999 मध्ये कुणी सांगितलं नाही की असं काही विचारताही येतं. माझी सवलत वेगळ्या योजनेतली होती, कदाचित नसती वाचली. पण आम्ही विचारलंच नाही.

तीन. घरातल्या सगळ्यांची आयुष्मान आणि महात्मा फुले योजनेची कागदपत्रं कॉलेज सुरू व्हायच्या आधी तयार ठेवा. दवाखान्याच्या दारात आधार शोधत बसू नका.

चार. परदेशी निघालेल्यांनो, केंद्राच्या आणि राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीत आरोग्य विम्याचा खर्च धरलेला असतो. स्वस्तातला विमा इथून काढून तिकडचा नाकारला तर वाचलेले पैसे तुमचे होतील असं समजू नका. आणि इथून काढलेला विमा तिकडचं विद्यापीठ बरेचदा मान्यच करत नाही. संशोधन किंवा शिकवण्याचं काम मिळणार असेल तर त्यात विमा येतो का ते आधी विचारा.

पाच. ऐच्छिक विम्याची ओळ दिसली तर लगेच खोडू नका. आधी वाचा, कशाला पैसे मिळतात, किती मिळतात. वाचून नको वाटला तर नको. पण न वाचता नाही.

बहीण परवा परत गेली. जाताना बाबांच्या पाया पडली, तेव्हा बाबा तिला म्हणाले, "पुढच्या वर्षी पोरीचा फॉर्म भरशील तेव्हा मला फोन कर." ती हसली. म्हणाली, "मामा, तुम्हाला इंग्रजी कळेल का?"

बाबा म्हणाले, "इंग्रजी नाही कळत. पण खोडायच्या आधी थांब म्हणून सांगीन."